पुण्यात नव्याने आलात? पायी किंवा सायकलने फिरण्याआधी एवढं वाचा

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तो काळ माझ्या आधीच्या पिढीचा. आज इथे रस्ता म्हणजे दुचाक्या, रिक्षा, मोटारी आणि त्यांच्यातून वाट काढणारी पीएमपीची बस. तरीही कोथरूडहून कॅम्पात सायकलने कामाला जाणं आणि बाकीची बहुतेक कामं पायी उरकणं मी गेली अनेक वर्षं करतो आहे. दर जून-जुलैत सोसायटीत, ऑफिसात नवी मुलं-मुली येतात आणि तेच प्रश्न विचारतात: कर्वे रस्ता ओलांडायचा कुठे, सायकल रस्त्याच्या कडेने चालवायची की मधून, फुटपाथ खोदून ठेवलाय तर सांगायचं कुणाला. तोंडी सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो.

यातला काही भाग स्वतःला कसं सांभाळायचं याचा आहे, आणि काही भाग धोक्याची जागा दुरुस्त कशी करून घ्यायची याचा. दुसऱ्या भागाकडे बहुतेक जण वळत नाहीत. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून शेवटी पण सविस्तर लिहिला आहे.

१. आधी रस्ता ठरवा

फोनमधला नकाशा सर्वांत जवळचा रस्ता दाखवतो. तुम्हाला हवा आहे तो सर्वांत संथ रहदारीचा रस्ता. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे सरकते. तुम्ही दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढं अंतर ब्रेक न लागताच संपतं. ताशी ३० ला हेच अंतर साधारण ८ मीटर असतं, आणि धडक बसलीच तर तिचा जोर निम्म्याहून कमी असतो. माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ती याच कारणाने.

म्हणून पेठांतल्या अरुंद, गजबजलेल्या गल्ल्या नव्या माणसाला भीतीदायक वाटल्या तरी तिथे वेग नसतो. रात्री अकरानंतर मोकळा पडलेला रुंद रस्ता त्याहून कितीतरी धोक्याचा.

कोथरूडहून डेक्कनला जायचं तर पूर्ण कर्वे रस्ता धरायची गरज नाही. एरंडवण्यातल्या आतल्या गल्ल्यांतून प्रभात रस्त्याला लागा. पाच-सात मिनिटं जास्त जातील, पण झाडांची सावली मिळेल आणि बसेसशी स्पर्धा नसेल. औंधला डीपी रस्त्यावर आणि शहरात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केलेले आहेत, तिथे चालणं सुखाचं आहे. शक्य असेल तिथे तुमची वाट अशा तुकड्यांवरून न्या.

दोन ठिकाणी सायकल नेऊच नका. पहिलं म्हणजे मुंबई-बंगळुरू महामार्गाचा बाह्यवळण भाग, त्यातही कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. तिथे अवजड वाहनांचा ताबा सुटून वारंवार अपघात झाले आहेत; नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच अपघातात चाळीसहून अधिक गाड्यांचं नुकसान झालं होतं. दुसरं म्हणजे कुठलाही उड्डाणपूल. पुलाखालून जा, चौकात थांबावं लागलं तरी चालेल. नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल एरवी चांगले, पण पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की पाण्याखाली जातात. निघण्याआधी विसर्गाची बातमी बघा.

ठरवलेली वाट एकदा रविवारी सकाळी करून पाहा आणि मग कामाच्या दिवशी, तुमच्या नेहमीच्या वेळी, पुन्हा पाहा. नुसत्या रविवारच्या फेरीवर विसंबलात तर सोमवारी वेगळंच शहर भेटतं.

२. रस्ता ओलांडणं

२०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या नियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगपाशी चालकाने वेग कमी करून, थांबून, पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. फुटपाथवरून आणि सायकल ट्रॅकवरून गाडी चालवायलाही बंदी आहे. हा तुमचा हक्क आहे आणि तो माहीत असायला हवा. पण पाऊल टाकताना त्याच्या भरवशावर टाकू नका.

प्रत्यक्षात हे करा:

- हात पुढे करून, एका लयीत चाला. मध्येच धावू नका, मागे फिरू नका. दुचाकीवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन मागून-पुढून काढतात. चाल बदलली की त्यांचा अंदाज चुकतो.
- एकेक लेन वेगळी समजा. एक मोटार तुमच्यासाठी थांबली म्हणजे रस्ता थांबला असं होत नाही. थांबलेल्या गाडीच्या पलीकडून दुचाकी सुसाट येते आणि ती तुम्हाला दिसतच नाही. गाडीची कड आली की थांबा, मान पुढे काढून बघा, मग पुढे जा. सर्वांत जास्त दक्षता इथेच लागते.
- एकेरी रस्त्यावरही दोन्हीकडे बघा. बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता, फर्ग्युसन रस्ता एकेरी आहेत, पण कडेने उलटी येणारी दुचाकी रोजची आहे.
- चौकात ‘फ्री लेफ्ट’ असेल तर तुमचा सिग्नल हिरवा असतानाही डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबत नाहीत. अशा कोपऱ्यावरून न ओलांडता जरा मागे सरकून ओलांडा.
- चालकाच्या नजरेला नजर द्यावी असं सांगतात, पण काचेवर ऊन पडलेलं असताना नजर दिसत नाही. गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघा. ते थांबलं तरच ती गाडी थांबली.
- उभ्या बसच्या पुढून ओलांडू नका. बस जाऊ द्या.

घरातले आजी-आजोबा किंवा लहान मुलं रोज जो सिग्नल वापरतात त्याची वेळ एकदा मोजा. रस्त्याची रुंदी मीटरमध्ये घ्या आणि १.२ ने भागा. येईल तितके सेकंद तरी पादचारी दिवा हिरवा हवा, कारण सिग्नलचं गणित करताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटरच्या रस्त्याला २० सेकंद. ज्येष्ठांना याहून जास्त लागतात. दिवा त्याआधीच लाल होत असेल तर आकडा लिहून ठेवा, पुढे कामाला येईल.

३. सायकल आणि सामान

महागडी सायकल लागत नाही. अगदी बारीक टायरची रेसर मात्र घेऊ नका. इथले गतिरोधक, पेव्हर ब्लॉकचे सांधे आणि खोदकामाचे चर पाहता ३५ मिलिमीटरच्या आसपासचा टायर बरा. जुनी घेतलीत तर ब्रेकचे रबर, ब्रेकच्या वायरी आणि चाकाचा आउट (चाक वाकडं फिरतंय का) आधी दुकानदाराकडून बघून घ्या.

जवळ हवं ते:

- पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल, लुकलुकणारा. दिवसा पावसातही लावा.
- पेडल, मागचा मडगार्ड आणि बॅगेला रिफ्लेक्टिव्ह पट्टी. हलणाऱ्या पेडलवरची पट्टी लांबून ओळखू येते.
- हेल्मेट. सायकलस्वाराला कायद्याने सक्ती नाही, तरी घाला. भुवयांच्या वर दोन बोटं एवढ्या अंतरावर बसलं पाहिजे. कपाळ उघडं टाकून मागे ढकललेलं हेल्मेट तोंडावर पडताना उपयोगाचं नाही.
- घंटा. ती पादचाऱ्यांसाठी, मोटारीच्या बंद काचेआड ऐकू जात नाही. तिथे आवाजच द्यावा लागतो.
- उजव्या हँडलला छोटा आरसा, पंप, पंक्चरचं सामान, ॲलन की, मजबूत कुलूप.
- खिशात एक कागद: नाव, रक्तगट, घरच्या दोन माणसांचे नंबर. फोनला लॉक असतो, कागदाला नसतो.

४. रस्त्यावर सायकल कुठून चालवायची

नवा माणूस भीतीने अगदी डाव्या कडेला चिकटतो. तिथे खडी असते, चेंबरची झाकणं असतात, उभ्या मोटारींची अचानक उघडणारी दारं असतात, आणि मागच्या गाडीला वाटतं की शेजारून निघायला जागा आहे. कडेपासून साधारण एक मीटर सोडून, सरळ रेषेत चालवा. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना एका दाराइतकं अंतर राहू द्या. दोन उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर करू नका, कारण प्रत्येक वेळी बाहेर येताना तुम्ही मागच्याला नव्याने दिसता.

बस थांब्याकडे वळते आहे असं दिसलं की मागे राहा. तिच्या डाव्या बाजूच्या फटीत शिरायचं नाही. डंपर आणि काँक्रीट मिक्सरच्या बाबतीत तर हा नियम कधीच मोडू नका. त्यांच्या डाव्या बाजूचा मोठा भाग चालकाला दिसत नाही, आणि वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात. सिग्नलला असं वाहन उभं असेल तर त्याच्या मागे थांबा, आणि ते पुरतं वळून गेल्यावरच निघा.

सायकल ट्रॅकबद्दल. बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकांच्या योजनेच्या, दिवसांत, २००६ नंतर, सातारा रस्ता, गणेशखिंड रस्ता अशा ठिकाणी ते झाले. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यात आठशे किलोमीटरहून मोठं जाळं कल्पिलं होतं. आज ट्रॅकवर तुम्हाला उभ्या दुचाक्या, टपऱ्या, विजेच्या पेट्या, बस थांबे भेटतील. मला याचं मनापासून दुःख होतं, कारण कागदावरचा विचार चांगला आहे. ट्रॅक सलग असेल तिथे जरूर वापरा. सापळा असा की चौकाच्या अलीकडे तो एकदम संपतो आणि तुम्ही अचानक डावीकडे वळणाऱ्या गाड्यांच्या पुढ्यात येता. तीस-चाळीस मीटर आधीच मागे बघून, हात दाखवून मुख्य रस्त्यावर या.

उजवीकडे वळायचं आणि चौक मोठा असेल तर सरळ पलीकडे जा, उतरा, सायकल हातात धरून झेब्र्यावरून ओलांडा.

५. पाऊस आणि अंधार

पहिल्या पावसात रस्त्यावर साठलेलं तेल वर येतं, तेव्हा सुरुवातीचा तासभर सर्वांत निसरडा. जूनमध्ये जांभळाच्या झाडाखाली पडलेली फळं चिरडून चिकट थर होतो, तिथे ब्रेक दाबू नका. ओले पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं, मेट्रो आणि खोदकामाच्या ठिकाणच्या लोखंडी प्लेटा या सगळ्यांवरून हँडल न वळवता सरळ जा. डबक्यात सायकल घालू नका; खाली खड्डा आहे की उघडं चेंबर, कळत नाही. पायी असाल तर फुटपाथवरचे हलणारे पेव्हर ब्लॉक आणि शेवाळ बघून चाला.

गणपतीत मांडवांमुळे पेठांतले रस्ते निम्मे होतात आणि काही बंद होतात. वाहतूक पोलिसांचे बदल आधीच जाहीर होतात, ते वाचून वाट बदला.

६. अपघात झालाच तर

रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, ही तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली. ज्यांना मदत करायची भीती वाटते त्यांना हे आवर्जून सांगा.

मे २०२५ पासून केंद्राची योजना लागू आहे: मोटार वाहनामुळे अपघात झालेल्या कुणालाही, म्हणजे पादचारी आणि सायकलस्वारालाही, ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. दाखल होताना हे स्पष्ट बोला.

सांभाळायची कागदपत्रं आणि वस्तू:

- गाडीचा नंबर, जागेचे फोटो, साक्षीदाराचा फोन नंबर
- रुग्णालयाची एमएलसी नोंद (पोलीस प्रकरण म्हणून रुग्णालय करतं ती), डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं
- एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत
- मोडलेली सायकल, हेल्मेट, फाटलेले कपडे. पंचनामा होईपर्यंत सायकल दुरुस्तीला टाकू नका.

जवळच्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं. पोलिसांना ते ताब्यात घेण्याविषयी लगेच लेखी अर्ज द्या. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी भरपाई आहे: गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख. गाडी सापडली तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. ‘इथेच मिटवून टाकू’ म्हणत कुणी हातावर पैसे ठेवले तर घेऊ नका. डोक्याचा मार दुसऱ्या दिवशीही त्रास देतो, आणि तोवर समोरचा माणूस हाती लागत नाही.

७. धोक्याची जागा दुरुस्त करून घ्या

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा फुटपाथवरचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. चांगल्या, खड्डेमुक्त रस्त्यांबद्दल मुंबई उच्च न्यायालय त्याआधीच असं म्हणालं होतं. तेव्हा तक्रार करताना आपण उपकार मागतो आहोत असं वाटून घेऊ नका.

जागा कुणाची ते शोधा. बहुतेक तक्रारी इथेच अडकतात. पुणे महापालिकेच्या हद्दीत फुटपाथ, झेब्रा, खड्डे पथ विभागाकडे, चेंबर मलनिःसारणाकडे, रस्त्यावरचे दिवे विद्युत विभागाकडे, टपऱ्या अतिक्रमण विभागाकडे. फुटपाथवर उभ्या गाड्या वाहतूक पोलिसांकडे. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी, कॅम्पचा बराच भाग आणि खडकी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, हिंजवडीतल्या उद्योग क्षेत्रातले रस्ते एमआयडीसीकडे. एकाच अर्जात चार विभागांची कामं लिहिलीत तर चौघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. एक जागा, एक काम, एक अर्ज.

मोजमाप घ्या. ‘फुटपाथ फार वाईट आहे’ या वाक्यावर अभियंता काही करू शकत नाही. टेप घेऊन जा. भारतीय रस्ते परिषदेच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथची चालण्यायोग्य मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. तुमच्या कोपऱ्यावर कड ३०० मिलिमीटर भरली, तर ‘कड ३०० मिमी, हवी १५० मिमी’ असं लिहा. सिग्नलचे मोजलेले सेकंद इथेच वापरा.

अर्जाला जोडायचं:

- दिवसा आणि रात्री काढलेले फोटो, एक जवळून आणि एक आजूबाजूच्या दुकानासह
- अचूक पत्ता, विजेच्या खांबाचा क्रमांक, नकाशावरच्या ठिकाणाची लिंक
- मापं, आणि नेमकं काय करून हवं ते एका ओळीत
- शेजाऱ्यांच्या सह्या. जवळच्या शाळेचं किंवा दवाखान्याचं पत्र मिळालं तर फारच चांगलं.

दोन्ही मार्गांनी द्या. पीएमसी केअर ॲपवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून, कागदी अर्ज तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख हवी. ॲपवर काम न होताच तक्रार बंद केली जाते असा अनुभव येतो. तसं झालं तर त्याच दिवशीचा फोटो जोडून ती पुन्हा उघडा.

हललं नाही तर. कनिष्ठ अभियंत्यानंतर उपअभियंता, कार्यकारी अभियंता, क्षेत्रीय अधिकारी असा क्रम धरा. त्यानंतर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, जो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि ज्याचा अर्ज आधीच द्यावा लागतो. माहिती अधिकारही चांगलं हत्यार आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. ‘काम का केलं नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: या फुटपाथच्या शेवटच्या कामाची वर्क ऑर्डर, ठेकेदाराचं नाव आणि दोष दायित्व कालावधी. हा कालावधी संपलेला नसेल तर तुटलेले ब्लॉक ठेकेदाराने स्वखर्चाने बसवून द्यायचे असतात, आणि तेवढं दाखवून दिलं की काम पटकन सुटतं.

नवं काम हवं असेल, म्हणजे झेब्रा, उतरता कोपरा, बोलार्ड (गाड्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून रोवलेले बुटके खांब), तर नागरिकांच्या सूचनांसाठीच्या अंदाजपत्रकात अर्ज द्या. महापालिका दर वर्षी ठरावीक मुदतीत प्रभागातली छोटी कामं नागरिकांकडून मागवते. मुदत चुकली तर गोष्ट पुढच्या वर्षावर जाते, म्हणून पावसाळ्यातच क्षेत्रीय कार्यालयात तारीख विचारून ठेवा.

काम झालं की त्याच जागेवरून, त्याच कोनातून फोटो काढा आणि ज्या अभियंत्याने केलं त्याला आभाराच्या दोन ओळींसह पाठवा. नंतर एक मोठा पाऊस होऊन गेला की जागा परत बघून या. चेंबरच्या कडेचं काँक्रीट बहुतेक तेव्हाच खचतं, आणि जुना तक्रार क्रमांक व पोच हातात असली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.